नळीवरचं नाव कुणाचं, हे सांगणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

हे पत्र मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. आजोबांच्या .२२ टार्गेट रायफलीबद्दल तुम्ही जे समजावलंत, ते आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या आणखीही घरांच्या कामी येईल.

आजोबा गेल्यावर रायफल डीलरकडे जमा केली. वारसाच्या लायसन्ससाठी अर्ज केला, तर जुन्या लायसन्सवर बनावटीच्या, म्हणजे कारखान्याच्या नावाच्या, रकान्यात 'रॉड्डा, कलकत्ता'! अर्ज तिथेच अडला. गावात तर ती रोही-डुकरं हाकलायची बंदूक म्हणूनच माहीत होती. मागची पीप साइट (बारीक छिद्रातून नेम धरायची चकती) आणि जड नळी पाहून 'ही नेमबाजीची आहे' असं म्हणणारे पहिले तुम्हीच.

तुम्ही दारव्ह्याहून एसटीने डीलरच्या दुकानात आलात. आधी लिव्हर खाली ओढून चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, रिकामा असल्याचं मला आणि डीलरला दाखवलंत. काचकागद नाही, तारेचा ब्रश नाही. तेलाच्या फडक्याने पुसून खडूची पूड बोटाने अक्षरांत भरली, टॉर्च तिरपा धरला आणि पुसट खुणा वर आल्या. नळीवरचं ठसठशीत 'रॉड्डा' हे नाव माल मागवून विकणाऱ्या पेढीचं. बाजूला एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन रायफलींचं चित्र, ती बीएसए या बर्मिंगहॅमच्या कारखान्याची खूण. नळीच्या बुडाशी मुकुटाखाली 'बीएनपी', म्हणजे बर्मिंगहॅम प्रूफ हाऊसची (नळी बाराचा दाब सोसते का हे तपासणाऱ्या संस्थेची) चाचणी. ही खूण १९५४ च्या नियमांपासूनची, म्हणून ही चाचणी त्याआधीची नाही.  आणि १९१४ च्या ऑगस्टमध्ये क्रांतिकारकांनी ५० माउझर पिस्तुलं पळवली ती याच रॉड्डा कंपनीची, हे ऐकून डीलरही काउंटरवरून पुढे वाकला.

ज्यांच्या घरी जुनं लायसन्स आहे त्यांनी एकदा नळीवरचं नाव आणि कारखान्याची खूण वेगवेगळी पाहून घ्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

काका, तिन्ही खुणांचे फोटो जोडून दुरुस्तीचा अर्ज दिला. रकान्यात आता बीएसए आहे. आजोबांच्या रायफलीला तुमच्यामुळे तिचं खरं नाव मिळालं, मनापासून आभार. तुम्ही एसटीचं भाडंही घेतलं नाहीत, पण आईने घरच्या तुरीची डाळ काढून ठेवली आहे. ती मात्र घ्यावीच लागेल.

आपली,
रायफलवाल्या आजोबांची नात