‘रेकॉर्ड’ ओळीच्या शेवटी कुठे तोडायचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंग्रजी मजकूर जुळवणाऱ्या मराठी भाषकांच्या हातून एक चूक वारंवार होते आणि मुद्रितशोधनातही ती निसटते. ओळीच्या शेवटी शब्द तोडताना त्याचा अर्थ पाहिलाच जात नाही. बरेच शब्द अर्थ न पाहता तोडले तरी चालतात, पण काही शब्दांचे तसे नाही.

‘रेकॉर्ड’ घ्या. नोंद, दप्तरातला कागद, विक्रम, गाण्याची तबकडी, एखाद्याचा पूर्वेतिहास, डेटाबेसमधली एक ओळ, ही सगळी नामे. नोंदवणे आणि ध्वनिमुद्रण करणे ही क्रियापदे. स्पेलिंग सगळीकडे एकच. तरीही अमेरिकी कोशांप्रमाणे नाम तुटते ते आर-ई-सी या तीन अक्षरांनंतर आणि क्रियापद आर-ई या दोन अक्षरांनंतर. नामात आघात पहिल्या अवयवावर (एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्यावर) असतो, तिथला स्वर ऱ्हस्व असतो आणि पुढचे व्यंजन त्यालाच चिकटते. क्रियापदात आघात दुसऱ्या अवयवावर सरकतो आणि ते व्यंजन त्याच्याबरोबर पुढच्या ओळीत जाते.

मराठीत आपण ‘रेकॉर्ड मोडला’ म्हणतो आणि ‘रेकॉर्ड केला’ही म्हणतो, उच्चार बदलत नाही. त्यामुळे इथे कानावर विसंबून चालत नाही, वाक्यातले काम पाहावे लागते. साधित शब्द मात्र सोपे आहेत. रेकॉर्डर, रेकॉर्डिंग आणि भूतकाळी रूप ही क्रियापदावरून आलेली असल्यामुळे नेहमी आर-ई नंतरच तुटतात. खरी अडचण मूळ शब्दाची आणि ‘एस’ लागलेल्या रूपाची, कारण ते अनेकवचनी नामही असू शकते आणि क्रियापदही.

व्युत्पत्ती मानणारे म्हणतील की लॅटिन ‘रे’ अधिक हृदय या अर्थाचा ‘कोर’ अशी घडण आहे, तेव्हा सगळीकडे आर-ई नंतरच तोडा. ब्रिटिश परंपरा व्युत्पत्तीकडे झुकते, अमेरिकी परंपरा उच्चाराकडे. ‘नॉलेज’ हा शब्द ब्रिटिश पद्धतीत डब्ल्यूनंतर तुटतो, अमेरिकी पद्धतीत एलनंतर. एका पुस्तकात एकच कोश पाळावा हे तर खरेच. पण ‘रेकॉर्ड’पुरते उच्चारालाच मानावे असे आमचे ठाम मत आहे. वाचकाला आधी शब्दाचा पहिला तुकडा दिसतो. ओळीच्या टोकाला नुसते आर-ई दिसले की तो क्रियापदाची अपेक्षा करतो आणि पुढच्या ओळीत नाम आले की अडखळतो.

प्रेझेंट, प्रोजेक्ट, डेझर्ट (वाळवंट), रिफ्यूज, रेबेल आणि मिनिट यांच्या स्पेलिंगांचीही हीच गोष्ट आहे. तास-मिनिटांतला ‘मिनिट’ एननंतर तुटतो. त्याच अक्षरांचा, अतिसूक्ष्म या अर्थाचा ‘मायन्यूट’ आयनंतर.

संगणक हे आपोआप का करत नाही? कारण बहुतेक प्रणाली फक्त अक्षरांचे क्रम पाहतात. फ्रँक लिआंग यांनी स्टॅनफर्डमध्ये 1983 साली पूर्ण केलेल्या प्रबंधातली पद्धत आजही खूप ठिकाणी वापरात आहे. तिच्यात अक्षरांच्या मधल्या जागांना आकडे असतात. एका जागी अनेक आकडे आले तर सर्वांत मोठा मानायचा, तो विषम असेल तर तिथे तोडता येते, सम असेल तर नाही. त्यात अर्थाला कुठेच जागा नाही. म्हणूनच टेक् या अक्षरजुळणीच्या संगणक-प्रणालीच्या मूळ इंग्रजी अपवाद-यादीतल्या 14 शब्दांत ‘प्रेझेंट’ आणि ‘प्रोजेक्ट’ अनेकवचनांसह दिले आहेत, आणि तेही कुठेच न तोडता. चुकीचे तोडण्यापेक्षा न तोडलेले बरे, हे धोरण आम्हाला सर्वांत शहाणपणाचे वाटते.

तेच आपणही करावे. इनडिझाइन या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरच्या कोशात हे शब्द घालताना शब्दाआधी ~ हे चिन्ह द्या. मग तो शब्द कधीच तुटत नाही. टेक्मध्ये अपवादांच्या आज्ञेत शब्द संयोगचिन्हाविना लिहा. ‘एस’चे रूप वेगळे द्यावे लागते, ते आपोआप धरले जात नाही. अरुंद स्तंभात न तोडल्याने शब्दांमधल्या फटी फारच वाढल्या, तरच त्या एका जागी अर्थ पाहून ऐच्छिक (शब्द तिथे तुटला तरच दिसणारे) संयोगचिन्ह घाला. वर्डमध्ये ते कंट्रोल आणि संयोगचिन्हाची कळ एकत्र दाबून येते, इनडिझाइनमध्ये जोडीला शिफ्टही लागते.

कळफलकावरचे साधे संयोगचिन्ह तिथे कधीही टाइप करू नये. मजकूर सरकला की ते ओळीच्या मध्यावर तसेच राहते. ऐच्छिक चिन्ह गरज नसेल तेव्हा अदृश्य होते, पण फाइलमध्ये शिल्लक असते. त्यामुळे मजकूर दुसरीकडे नेल्यावर काही वेळा शोधात तो शब्द सापडत नाही. वर्ड आणि इनडिझाइन दोन्हींत शोधा-बदला चौकटीत ^- लिहून अशी चिन्हे काढता येतात.

‘पुन्हा ध्वनिमुद्रित करणे’ या अर्थी ‘री-रेकॉर्ड’मध्ये संयोगचिन्ह मुळातच असते, तो शब्द तिथेच तोडावा, दुसरे चिन्ह वाढवू नये. ‘राजीनामा देणे’ या अर्थाचा ‘रिझाइन’ मात्र आर-ई नंतर मुळीच तोडू नये, कारण ‘पुन्हा सही करणे’ हा संयोगचिन्हासह लिहिला जाणारा शब्द ओळीच्या टोकाला हुबेहूब तसाच दिसतो. करारपत्रात हा घोळ महागात पडू शकतो.

ही तपासणी शेवटची दुरुस्ती झाल्यावरच करावी. परिच्छेदात एक शब्द वाढला तरी पुढच्या ओळी सरकतात आणि आधी तपासलेली तोड निरुपयोगी ठरते. तेव्हा उजव्या कडेचा मजकूर वरून खाली वाचत जावे, आणि संयोगचिन्ह दिसेल तिथे पुढच्या ओळीचा पहिला तुकडा जोडून वाक्य पूर्ण वाचावे.

आपले,
इंग्रजी मजकुराची अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधन करणारे काही वाचक