घंटेच्या टेबलावरून

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

कोल्हापूरच्या स्पर्धेसाठी तू पाठवलेलं, 'दुष्काळ निसर्गाचा की माणसाचा' या विषयावरचं भाषण काल दुपारी कॉलेजातलं टपाल वाटून झाल्यावर वाचलं. रात्री आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती "छान आहे" म्हणाली. मीही फोनवर तेच म्हणून मोकळा झालो असतो. पण फोनवर मला धड बोलता येत नाही, आणि खरं सांगायचं तर मला ते तितकं छान वाटलं नाही. म्हणून लिहायला बसलो.

आमच्या कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत 22 वर्षं घंटा मी वाजवतोय, हे तुला नव्यानं सांगायला नको. पाच अधिक दोन मिनिटं. पाचव्याला एक टोल, सातव्याला दोन. परीक्षक दरवर्षी बदलतात, टेबलाच्या कडेला मी तोच. मला भाषणातलं फार कळतं असं नाही, पण बोलणाऱ्याचं पुढचं वाक्य कोणतं येणार ते मला आधी कळतं. तुझ्या भाषणातलं प्रत्येक पुढचं वाक्य मला आधीच कळत होतं.

सुरुवातीला 'वक्ता दशसहस्रेषु' आहे. दिवसात निदान चार स्पर्धक तो श्लोक म्हणतात. त्याचा शेवट 'दाता भवति वा न वा' असा आहे, म्हणजे दाता मिळेल न मिळेल. तिथपर्यंत फार थोडे पोचतात, कारण 'वक्ता' आला की टाळी मिळून गेलेली असते. मग तुझा शेर. मग "सन्माननीय परीक्षक महोदय, मी आपल्याला विचारू इच्छिते", आणि तिथं आवाज चढतो. भाषण लिहून देणाऱ्या तुझ्या सरांनी कंसात 'आवाज वर' असं लिहूनही दिलंय. ताई, परीक्षक त्या वेळी गुणपत्रिकेत मागच्या स्पर्धकाची बेरीज करत असतो. मी शेजारूनच बघतो.

सरांवर माझा राग नाही. त्यांना सहा मुलांची भाषणं लिहून द्यायची असतात. पण आपल्या घरातली पोरगी दुष्काळावर बोलणार, आणि शेतकऱ्याच्या डोळ्यातल्या पाण्याबद्दल दुसऱ्याची वाक्यं म्हणणार, हे मला पटेना.

2013 च्या उन्हाळ्यात तू आठ वर्षांची होतीस. आबा म्हसवडच्या चारा छावणीत आपली जनावरं घेऊन राहिले होते आणि शाळेला सुट्टी लागल्यावर तूही त्यांच्याजवळ जाऊन राहिलीस. घरी यायला तयार नव्हतीस. वैरणीच्या रांगेत आबांच्या जागी तू उभी राहायचीस, कारण त्यांचे गुडघे दुखायचे. टँकर आला की आधी जनावरांचं पिंप भरायचं आणि मग माणसांचं, हे तू घरी आल्यावर आईला सांगितलंस. आंघोळीला एक तांब्या पुरतो म्हणून वाद घातलास. यातलं एक अक्षर भाषणात नाही. त्याऐवजी भेगाळलेली धरणीमाय आहे. ती आठ वर्षांच्या मुलीला दिसत नसते, तिला पिंप दिसतं.

आणि विषयाचं उत्तरही तिथंच आहे. आपला माण तालुका पर्जन्यछायेतला. वर्षाला 500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला तर पडला. त्याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला 5000 च्या वर कोसळतो. एवढा भाग निसर्गाचा, त्याला कुणी काही करू शकत नाही. पण आबांना विचार. ते 1972 ला खडी फोडायच्या कामावर होते. ते सांगतात की तेव्हा खायला नव्हतं, मिलो म्हणजे बाहेरून आलेली तांबडी ज्वारी आणि कामावर वाटलेली सुकडी खाऊन दिवस काढले, तरी विहिरीत तळाला पाणी असायचं. 2013 ला दुकानात धान्य होतं, पण विहिरी कोरड्या आणि दावणीला वैरण नाही. मधल्या 40 वर्षांत बोअर किती खोल गेले, हे आपल्याच शिवारात मोजता येईल. निसर्ग किती आणि माणूस किती, हे याच्यापेक्षा सोपं करून मला तरी सांगता येणार नाही.

फलटणच्या मुधोजी कॉलेजचे प्राचार्य शिवाजीराव भोसले यांचं व्याख्यान मी तरुणपणी ऐकलं होतं. हातात कागद नव्हता, आणि आवाज चढवल्याचं मला आठवत नाही. मागं उभे असलेले आम्ही पोरं ऐकत होतो, एवढंच आठवतं.

आता तुला कधी न सांगितलेली एक गोष्ट. इतक्या वर्षांत मी घंटा वाजवायला एकदाच विसरलो. ऊसतोडणीवाल्यांचा मुलगा होता, सदरा इस्त्रीचा पण एक बटण वेगळं. त्यानं संबोधन असं केलंच नाही. "मी आठ शाळांमध्ये शिकलो, कारण कारखाना बदलला की शाळा बदलायची," असं म्हणून सुरू झाला. प्रत्येक शाळेतला आपला बाक कुठं होता, ते सांगत गेला. हात खाली, आवाज साधा. मी ऐकत राहिलो. परीक्षकांनी खूण केली तेव्हा घड्याळात नववं मिनिट होतं. वेळेचे गुण कापले गेले आणि त्याचं बक्षीस गेलं. चूक माझी, भोगली त्यानं. परीक्षकांना जाऊन सांगायला हवं होतं, तेवढी माझी छाती झाली नाही. संध्याकाळी स्टँडवर त्याला चहा पाजला. तो म्हणाला, "काका, मला वाटलं अजून वेळ आहे, घंटा नाही वाजली ना." त्यावर मी काय बोलणार? त्या वर्षी पहिला कोण आला ते मला आठवत नाही.

म्हणून घंटेवर विसंबू नकोस. घरी सहा मिनिटांत बसव. पहिला टोल झाला की पोरं घाबरून पळत सुटतात, पुढची दोन पानं एका दमात म्हणतात. दोन मिनिटं पुष्कळ असतात. चालू वाक्य पुरं कर, श्वास घे, मग पुढं जा. अडखळलीस तर "क्षमस्व" म्हणू नकोस. विसरलीस ते फक्त तुला माहीत असतं. माईक तुझ्या उंचीचा करून घे, त्यात कमीपणा नाही. चिठ्ठीत पहिला नंबर आला तर रडत बसू नकोस, परीक्षक तेव्हा ताजे असतात. जेवणानंतरचा नंबर सगळ्यात वाईट, तिथं मीच पेंगतो.

कोल्हापूरला जाताना आदल्या रात्री निघ, पहाटेच्या गाडीचा भरवसा धरू नकोस. आईनं खडीसाखर आणि ज्येष्ठमध दिलंय. गार पाणी पिऊ नकोस.

सरांना वाईट वाटेल, ते मी समजू शकतो. त्यांना म्हणावं, आकडे तुमचेच ठेवलेत. शेर काढलास तर मला बरं वाटेल, ठेवलास तरी मी रुसणार नाही.

छावणीत आपली जनावरं किती होती यावर आबांचा आणि माझा काल वाद झाला. मी तीन म्हणतो, ते चार म्हणतात, एक कालवड मध्येच विकली म्हणे. भाषणात घालायच्या आधी त्यांनाच फोन कर. आठच्या आत कर, नंतर ते झोपतात.

तुझे,
आण्णा