चोविसावर थांबली

सोलापूर, रविवार रात्र

सिद्ध्या,

शिव्या नंतर घाल. आई गेल्यावर तुझा फोन आला तेव्हा मी नुसतं हो हो केलं, आणि तिथून दोन महिने गप्प बसलो. घरात सांगायला जावं तर म्हणतात याच्या डोक्यावर परिणाम झालाय. माझी तब्येत बरी आहे, शुगर जरा वर गेलीय, सोड.

शेवटचे दोन दिवस ती कुणाला ओळखत नव्हती, पण बोटं चालू होती बे. चादरीचं टोक धरायचं, गुंडाळायचं, नखानं तोंड मोडायचं आणि हवेतल्या हवेत दोरा मारायचा. बिड्या वळायचं सोडून बारा वर्षं झाली होती तिला! वहिनी कानाशी राम राम म्हणतेय, मावशीनं तोंडात तुळशीचं पान ठेवलं, आणि ही बावीस, तेवीस, चोवीस. चोविसावर थांबली. बिड्यांचा कट्टा पंचवीसचा असतो हे तुला काय सांगायचं.

मग गुरुजींनी गरुडपुराण लावलं. मी कधी पोथीला बसणारा नाही, तुला माहितीय, पण यावेळी हललो नाही. त्यात येतं की रोजच्या पिंडानं प्रेताला नवा देह मिळत जातो, हातभर उंचीचा. पहिल्या दिवशी डोकं, दुसऱ्या दिवशी मान न खांदे, मग छाती, पाठ, बेंबी, कंबर, मांड्या, गुडघे, पाय, आणि दहाव्या दिवशी तहानभूक. मी आपला हातांची वाट बघत बसलो. आलेच नाहीत. विचारलं तर गुरुजी वैतागले, म्हणाले अहो खांद्यात आले की. मला मनातनं वाटलं नाही आले तेच बरं.

कारण खरी भीती वेगळीच आहे. गीतेच्या आठव्या अध्यायात म्हटलंय की देह सोडताना जे मनात असतं तिथंच माणूस जातो. भरत राजा राज्य सोडून रानात गेला, तिथं हरणाच्या पाडसात जीव अडकला, तर पुढच्या जन्मी हरीण झाला. मग चोवीस म्हणत गेलेली बाई कुठं जाणार, सांग ना? चौऱ्याऐंशी लक्ष योनी पडल्यात, आणि ही फिरून परत मांडीवर सूप घेऊन, नाकातोंडात तंबाखूची धूळ घेत, हजार पुरे होईपर्यंत उठायचं नाही? गुरुजी म्हणतात आयुष्यभर जे केलं तेच शेवटी आठवतं, म्हणून आधीपासनं नाव घ्यावं. घ्यावं की, पण कधी? नाव घेताना हात चुकला तर छाट, म्हणजे नापास बिडी, निघायची. तो चित्रगुप्त मला कारखान्यातल्या चेकरसारखाच दिसतो आता, सूप पुढं ओढून बोटानं एकेक बाजूला काढणारा.

तू हसशील. कॉलेजात तू म्हणालेलास पुनर्जन्म म्हणजे गरिबाला गप्प बसवायची युक्ती, आणि मी पंधरा दिवस तुझ्याशी बोललो नव्हतो. अजून पटत नाही, पण राग गेलाय. तुम्हा लिंगायतांत बरं आहे लेका, माणूस गेला, लिंगैक्य झालं की संपलं, पिंड नाही कावळा नाही. तुझ्या अप्पांना बसवून मूठमूठ माती टाकली तेव्हा मला कसंतरी झालेलं, आता हेवा वाटतो.

आमच्या कावळ्याचं ऐक. पाच मिनिटात शिवला. मावशी खूश, काही राहिलं नव्हतं म्हणे तिचं. मला उलट रडू फुटलं, एक बिडी कमी असताना हिचं काही राहिलं नाही कसं?

अस्थी चंद्रभागेत सोडल्या. घरी येऊन पेटी उघडली तर पानं कापायचा पत्र्याचा साचा आणि कात्री निघाली, कात्रीला अजून चिंधी गुंडाळलेली. आणि तिथंच बसून एकटाच हसलो बे. आठवतं ना, नववीत तू कट्ट्यातली एक ओढून परत दोरा बांधून ठेवलास, आणि कारखान्यात तिला चोर म्हणाले? तिनं तुला एक शब्द बोलला नाही, वर भाकरी वाढली. पंचविसावी तुझ्याकडे आहे सिद्ध्या.

पोरीचं दहावीचं काय झालं? पुण्याचा फ्लॅट मिळाला का? वहिनींना नमस्कार.

यमाच्या गावापर्यंत जायला जवळपास वर्ष लागतं असं पोथीत आहे, म्हणजे अजून ती वाटेत असेल. वर्षश्राद्धाला ये, जमलं तर त्याआधी गड्ड्याच्या जत्रेला ये. आणि एक बिडी घेऊन ये, पिंडाशेजारी ठेवू, गुरुजी ओरडले तर मी बघतो.

नवा नंबर पाठव, जुना लागत नाही.

बंड्या