युरोप मणी तपासतो, बाग नाही

संपादक महोदय,

निर्यातीचे कडक निकष आले की शेतीतले प्रदूषण आपोआप कमी होते, असे कालच्या लेखात वाचले. लेखकांचा अभ्यास मोठा असेल, पण त्यांनी ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत एकदा निफाडच्या द्राक्षबागांत यावे.

२०१० साली द्राक्षांत सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराईड हे वेलीची वाढ रोखणारे औषध सापडले म्हणून युरोपने माल अडवला. मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम. माझाही माल त्यात अडकला, निर्यातदाराने फोन उचलणे बंद केले. वेलीवर राहिलेला माल मी इथल्याच बाजारात विकला. कोणी एक प्रश्न विचारला नाही. ती द्राक्षे आपल्याच लोकांच्या घरी गेली, हे आजही मनाला लागते. पुढे आम्ही सीसीसी सोडले, फवारणीची वही ठेवू लागलो. हा फायदा मी नाकारत नाही.

पण छाटणीनंतर काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब, एकसारखे फुटावेत म्हणून काडीला पेस्ट लावतात, ती हायड्रोजन सायनामाइडची. युरोपने २००८ मध्येच तिला मान्यता नाकारली. आम्ही मात्र दरवर्षी लावतो. ऑक्टोबरात काडीला लावलेले औषध फेब्रुवारीत मण्यात सापडत नाही, त्यामुळे अहवाल स्वच्छ येतो. गेल्या हंगामात पेठकडून आलेल्या टोळीतल्या एका ताईचा हातमोजा फाटला. रोज बुडेल म्हणून ती बोलली नाही. संध्याकाळी बोटांची कातडी सोलून निघाली होती. मोजे मीच आणलेले होते, स्वस्तातले. दवाखान्यात घेऊन गेलो, पण त्याने तिचे हात लगेच बरे झाले नाहीत. तो माल 'पास' होऊन युरोपला गेला.

मँकोझेब या बुरशीनाशकाचेही तेच. युरोपने २०२० च्या अखेरीस त्याच्या मान्यतेचे नूतनीकरण नाकारले. त्याच वर्षी मे महिन्यात केंद्राने २७ कीडनाशकांवर बंदीचा मसुदा काढला, त्यात हे नाव होते. आजही दुकानात मिळते आणि डाऊनी, म्हणजे केवडा रोग, आली की आम्ही मारतो. दुसरे परवडणारे काय आहे, तेही कोणी सांगावे. इतक्या वर्षांत मण्यांचे नमुने कितीदा गेले, माझ्या विहिरीच्या पाण्याचा एकदाही कोणी नेला नाही. युरोपशी व्यापार कराराचा विषय निघाला की त्या पाण्याचा आणि मजुरांच्या हातांचाही निघालाच पाहिजे.

आणखी एक. लेखासोबत फोटो शरद या काळ्या द्राक्षाच्या वाणाचा छापलात. इथून युरोपला जाते ती मुख्यतः पांढरी थॉमसन. मागच्या हंगामातही हेच कळवले होते.

– एक द्राक्ष बागायतदार, ता. निफाड, जि. नाशिक