जुन्या तेलावर नवी चिठ्ठी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खाद्यतेलाच्या दरांवर सरकारी यंत्रणेची करडी नजर असल्याची कालच्या अंकातली बातमी वाचली आणि राहवले नाही. ही नजर आमच्या गावच्या दुकानापर्यंत कधी पोचणार?

२०२४ च्या चवथीत, काही घरांत गणपती बसलेलेच असताना, १४ सप्टेंबरला केंद्राने आयात तेलावरचा कर वाढवला. कमी करात आलेले सुमारे ३० लाख टन तेल देशात पडून होते, ४५ ते ५० दिवस पुरणारे. ते संपेपर्यंत छापील किंमत वाढवू नका, असे सरकारनेच तेल कंपन्यांना सांगितले होते.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी मी सोयाबीन तेलाच्या चार पिशव्या आणल्या. किमतीच्या जागी पांढरी चिठ्ठी, १४५ रुपये. घरी ओल्या फडक्याने पुसताना एका चिठ्ठीचा कोपरा सुटला. खाली ११८ रुपये, पॅकिंग जुलैचे! दुकानदार म्हणाला, "वहिनी, आम्हाला वरूनच असे आले." किंमत कमी करायची असेल तरच अशी चिठ्ठी लावता येते आणि तीही मूळ किंमत न झाकता, असा नियम आहे. पिशवी घेऊन मी एका कार्यालयात गेले. त्यांनी दुसरीकडे पाठवले. तिथे पावती मागितली. गावच्या दुकानात पावती कोण देतो हो? शेवटी एक अर्ज लिहून घेतला, त्याची पोचही दिली नाही. पुढे कोणी फिरकले नाही.

३० मे २०२५ रोजी कच्च्या खाद्यतेलावरचा मूळ आयात कर २० वरून १० टक्क्यांवर आला. त्याच दुकानात मला श्रावण संपेपर्यंत "जुना माल आहे" हेच ऐकावे लागले. मग आदल्या वर्षी जुन्या मालावर २७ रुपये का घेतले?

कर बदलला की पहिल्या पंधरवड्यातच निरीक्षकांनी दुकानांत जाऊन पॅकिंगचा महिना आणि किंमत ताडून पाहावी. तक्रारीची पोच तरी द्यावी.

आणि त्या पिशव्यांचे वजनही बघा. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरते. आता तेवढ्याच दिसणाऱ्या पिशवीत ८५० ग्रॅम, कधी ८०० ग्रॅम येते. माझ्या सासूबाई ती लिटरची समजूनच आणतात. ती बारीक अक्षरे त्यांना चष्म्यानेही दिसत नाहीत.

चिठ्ठीची ती पिशवी मी धुऊन जपून ठेवली आहे. कोणी अधिकारी आले तर दाखवीन.

आपली,
एक गृहिणी, डिचोली