गिअरबॉक्स का गेला, ते लेखी द्या

मा. संपादक,
स. न.

आमच्या घरच्या सात सीटच्या ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स वॉरंटी संपून सहा महिने होतात न होतात तोच गेला. गाडी साठ हजार किलोमीटरही चालली नव्हती. नवीन बसवायचे एस्टिमेट साडेतीन लाखांच्या वर आहे. खर्चाचे रडगाणे गाण्यासाठी हे पत्र नाही. माझी सगळी नोकरी म्हैसाळ उपसा योजनेच्या पंपदुरुस्तीत गेली, यंत्र म्हटले की ते कधीतरी बंद पडणार हे मला कोणी शिकवायला नको. पण हा गिअरबॉक्स कशाने गेला, हे कागदावर लिहून द्यायला कोणी तयार नाही, आणि माझी तक्रार तेवढीच आहे.

मुलगी चिपळूणला दिलेली, त्यामुळे कुंभार्ली घाट आम्हाला नेहमीचाच. परत येताना पोफळी सोडली आणि पुढे भरलेला ट्रक लागला की इंजिनच्या फेऱ्यांचा काटा साडेतीन हजारांवर जायचा, इंजिन ओरडायचे, पण गाडीला ओढ म्हणून नसायची. त्याच्याही आधीपासून सकाळी रिव्हर्स टाकला की गाडी जरा थांबायची आणि मग गचका देऊन मागे जायची. हे सगळे वॉरंटी चालू असतानाच सर्व्हिस सेंटरला सांगितले होते. ते स्कॅनर लावायचे आणि ‘काका, सॉफ्टवेअर अपडेट केलंय, आता बघा’ म्हणून किल्ली हातात द्यायचे. तक्रार आणि काम नोंदवायच्या जॉबकार्डावर मात्र ‘जनरल चेकअप’ एवढेच. गचक्याचा उल्लेख नाही, रिव्हर्सचा नाही. आता तेच लोक तोंड वर करून विचारतात, ‘वॉरंटीत असताना तक्रार केल्याची नोंद कुठे आहे?’

शेवटी घाटातच दिवा लागला आणि गाडी एकाच गिअरमध्ये अडकली. मागे ट्रकांची रांग, गाडीत नातवंडे. कशीबशी हेळवाकपर्यंत आणली. तिथून दोर बांधून ओढायचीही सोय नाही. इंजिनची ताकद मिळणारी चाके जमिनीवर ठेवून ही गाडी ओढली तर इंजिन बंद असल्याने आतला तेलाचा पंप फिरत नाही आणि गिअर कोरडेच घासतात. म्हणून अख्खी गाडी वर चढवून नेणारा फ्लॅटबेड ट्रक मागवावा लागला.

या गिअरबॉक्सात सगळा खेळ तेलाचा. इंजिन आणि गिअर यांना जोडणारा टॉर्क कन्व्हर्टर लॉक नसेल तेव्हा इंजिनची ताकद त्यातून तेलामार्फतच पुढे जाते, तेलाच्याच दाबाने क्लचच्या प्लेटा आवळल्या जातात, आणि आतली उष्णता कूलरपर्यंत नेतेही तेच. चढावर ट्रकच्या मागे रांगत जावे लागले की कन्व्हर्टर लॉक होत नाही, म्हणजे त्याच्या दोन्ही बाजू घट्ट जोडल्या जात नाहीत, आत घसर चालू राहते आणि तेल तापते. वरचेवर तापलेले तेल निकामी होते, प्लेटा घसरून झिजतात, त्यांचा भुगा तेलाला वाट देणाऱ्या व्हॉल्व्ह बॉडीच्या बारीक वाटांत जाऊन बसतो. मग दाब कमी, की आणखी घसर. इंजिन ऑइल बघायला निदान डिपस्टिक तरी असते, माझ्या गाडीच्या गिअरबॉक्सला तीही नाही. मिरज एमआयडीसीतल्या ओळखीच्या मिस्त्रीने थोडे तेल काढून बाटलीत दिले. नवे असताना लाल असणारे तेल पार काळे, आणि वास जळका.

गाडीच्या पुस्तकात सर्व्हिसच्या तक्त्यात या तेलापुढे बदलण्याची मुदतच नाही. मागच्या पानावर मुंगीच्या अक्षरांत लिहिले आहे की डोंगरी रस्ते किंवा जड भार असेल तर तेल लवकर बदलावे. अहो, सांगलीच्या माणसाने कोकणात जायचे तर घाट चुकवून जायचे कुठून? दर सर्व्हिसला टायर पॉलिशचे पैसे लावणाऱ्यांनी ‘गाडी घाटात चालते का’ एवढे एकदाही विचारले नाही.

आता म्हणतात, सुटे भाग मिळणार नाहीत, पूर्ण असेंब्लीच बदलावी लागेल आणि जुनी कंपनीला परत करावी लागेल. आत काय मोडले, हे विचारले तर ताकास तूर लागू देत नाहीत. सरकारी खात्याला नावे ठेवायची आपल्याकडे रीतच आहे, पण आमच्या पंपगृहात बेअरिंग गेले तरी ते उघडून बघितल्याशिवाय आणि लॉगबुकात कारण लिहिल्याशिवाय नवे बसत नसे. वंगण कमी पडले, शाफ्ट सरळ नव्हता की मालच खराब होता, हे कळल्याशिवाय नवे बेअरिंग टिकेल याची हमी कोण देणार?

२० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. वस्तूसाठी आपण दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोग, आणि मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. पण वस्तूच कंपनीच्या गोदामात गेल्यावर आयोगाने पाठवायचे काय? मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने सदोष गाड्या परत मागवण्याचे ११०अ हे कलमही आले आहे. घाटात मागे ट्रक असताना गाडीची ओढ जाणे हा सुरक्षेचा प्रश्न नाही, असे कोणी म्हणत असेल तर त्याने एकदा माझ्याबरोबर कुंभार्लीला यावे.

ग्राहकाने सांगितलेली तक्रार त्याच्याच शब्दांत जॉबकार्डावर उतरलीच पाहिजे. आणि मोठा भाग बदलण्याआधी तो उघडून बिघाडाचे कारण सही-शिक्क्यासह दिले पाहिजे, वाद असेल तर जुना भाग निकाल लागेपर्यंत ग्राहकाकडे राहिला पाहिजे. परिवहन आणि ग्राहक व्यवहार या दोन्ही खात्यांनी एवढा नियम करायला हरकत काय?

जुना गिअरबॉक्स परत देण्याच्या फॉर्मवर मी सही केलेली नाही. गाडी त्यांच्याच आवारात आहे. काल फोन आला की आता रोजचे पार्किंगचे पैसे लावू. तेही लेखी कळवा म्हणून सांगितले आहे.

– एक निवृत्त यांत्रिकी कर्मचारी, विश्रामबाग, सांगली