फॉस्टर (कुत्री-मांजरं तात्पुरती घरी सांभाळणाऱ्या) सदस्यांसाठी सूचना: विलगीकरणाची खोली

नेरूळ-सीवूड्समधल्या सदस्यांनो, पाऊस सुरू झालाय, म्हणून पुन्हा एकदा.

नवीन आलेलं पिल्लू किमान 14 दिवस वेगळ्या खोलीत. बाल्कनी चालणार नाही. झड आत येते, गोणपाट वाळत नाही. मांजराला कुत्रा दिसता कामा नये, घाबरून ते खाणंच सोडतं. लपायला पुठ्ठ्याचं खोकं ठेवा.

फिनाईल बंद म्हणजे बंद. पार्व्होचा (जुलाब-उलट्यांच्या जीवघेण्या आजाराचा) विषाणू त्याने मरत नाही, आणि मांजर पंजे चाटतं तेव्हा फिनाईल पोटात जाऊन विषबाधा होते. आधी शी-उलटी उचला, फरशी साबणाने धुवा, मग 1 भाग ब्लीच 30 भाग पाण्यात घालून 10 मिनिटं ओलं राहू द्या. घाणीवरच ओतलं तर ब्लीच वाया जातं. द्रावण रोज ताजं. संडासाचं ॲसिड त्यात मिसळू नका, विषारी वायू होतो.

घरच्या निरोगी जनावरांचं आधी उरका, विलगीकरणातल्याचं शेवटी. तिथल्या चपला तिथेच.

कोणाला चावलेला कुत्रा किंवा मांजर असेल तर चावल्यापासून 10 दिवस बंदिस्त निरीक्षण. तेवढ्या काळात त्याला रेबीजची लस नको, तिची रिॲक्शन आणि आजाराची लक्षणं यांत घोळ होतो. ज्याला चावलंय त्याने मात्र थांबायचं नाही: जखम 15 मिनिटं साबणाने वाहत्या पाण्याखाली, आणि इंजेक्शन त्याच दिवशी.